तिसरा हात

१

दारात पाय ठेवला तेव्हा शिवकन्येला वाटलं, रंगाचा डबा कलंडला.

हॉलची उत्तरेकडची भिंत गर्द लाल होती, पिकून उललेल्या डाळिंबासारखी. बाकीच्या तीन सायीच्या रंगाच्या. लाल भिंतीच्या पायथ्याशी अंथरलेल्या गोणपाटावर तोच लाल ओघळला होता आणि त्या लालात आत्याबाईंचं हिरवं लुगडं पडलं होतं. मग लुगड्यातून एक हात दिसला. मग केस दिसले. पांढरे केस एका बाजूनं पांढरे नव्हते.

"आत्याबाई!"

ती खाली बसली. बोटं लालाला लागली. लाल कोमट होता. रंग कोमट नसतो.

"मम्मी, आजी इथं काहून झोपली?" मागून आरोहीनं विचारलं. शिवकन्येनं लेकराचं तोंड पोटाशी दाबून धरलं आणि मग ती ओरडली. शुक्रवारची दुपार होती, तीनचा सुमार. हट्टा गावच्या त्या शेवटच्या गल्लीत तिचा आवाज पार टोकापर्यंत गेला.

आधी मागच्या दारानं नणंद आली, वास्तूसाठी कालच माहेरी आलेली निलम. ओले हात पदराला पुसत. "मी देवळात गेल्ते वैनी, काय झालं? आई! आई गं!" मग समोरच्या घरातला हरिचंद वायरमन आला. त्यानंच ह्या नव्या घराची लाईट फिटिंग केली होती. त्यानं आत्याबाईंच्या नाकापाशी हात धरला. "जीव हाय. जीप बोलवा, वसमतला न्यावं लागंल."

भागवत सगळ्यात शेवटी आला. शेतातून येतोय म्हणाला. त्यानं आईचं डोकं मांडीवर घेतलं, आणि शिवकन्येची नजर नवऱ्याच्या हातांवर पडली. नखांच्या कडेनं लाल होतं.

आईचं रक्त असेल, तिनं स्वतःला सांगितलं. पण तो लाल वाळलेला होता. आत्ता लागलेलं रक्त इतक्यात वाळत नाही.

जीप गेली. मग दोन गोष्टी कळल्या. आत्याबाईंच्या गळ्यातली बोरमाळ नव्हती. आणि रंगवणारा आसिफ नव्हता. त्याची सायकल लिंबाला टेकून उभी होती, हँडलला रिकामी बादली. चपला दाराशी होत्या. अनवाणी पळून गेला होता तो.

२

"रगताचा रंग घरात घेतला. रगत मागितलंच त्यानं."

चार दिवस गाव हेच बोलत होतं. शिवकन्या हापशावर गेली की बोलणं थांबायचं, आणि थांबलेलं बोलणं जास्त ऐकू यायचं. रंग तिनंच निवडला होता. अंगणवाडीच्या मिटिंगला हिंगोलीला गेली असताना मोबाइलवर एका घराचं चित्र पाहिलं होतं: एकच भिंत गर्द लाल, तिच्यावर पिवळा दिवा, खाली साधा पाट. त्या चित्रातला उजेड तिच्या मनात घर करून बसला. आत्याबाई म्हणाल्या होत्या, "देव्हाऱ्याला शोभंल असला रंग. बैठकीला काहून?" आणि मग तिचा उतरलेला चेहरा पाहून, "घे बाई, घे. तुजं घर हाय."

तुजं घर. आता त्या घरात तिला लाल भिंतीकडं पाठ करून बसवत नव्हतं, आणि तोंड करूनही बसवत नव्हतं.

सोमवारी दवाखान्यात आत्याबाईंचे ओठ हलले. डोळे मिटलेलेच. शिवकन्या एका बाजूला, निलम दुसऱ्या बाजूला, पायाशी पोलीस जमादार. सगळ्यांनी ऐकलं.

"तिसरा हात... त्याचा न्हाई."

"काय म्हनल्या?" जमादार वाकले. आत्याबाई पुन्हा तेवढंच बोलल्या आणि गप्प झाल्या. त्यानंतर शब्द नाही.

संध्याकाळी जीप हट्ट्यात पोचेपर्यंत त्या शब्दांना पाय फुटले होते. माणसाला दोन हात असतात, तिसरा कुठून आला? त्याचा न्हाई म्हणजे माणसाचा न्हाई. भिंतीतून आला. कुणी म्हणालं, आसिफसोबत आणखी कुणी होतं. जाहेदाबीच्या, म्हणजे आसिफच्या आईच्या खिडकीवर दगड पडला. चौकातली पोरं उघड बोलायला लागली, की तो पोलिसाच्या आधी आपल्याला सापडावा.

मंगळवारी दुपारी आरोही भिंतीपाशी उकिडवी बसली होती, तोंडानं गुणगुणत. आत्याबाईंनी शिकवलेली ओवी.

"बोरमाळेचं सोनं, कुनाच्या गं गळा, आरोही बाळाच्या गळा, शोभून दिसं..."

ती मधेच थांबली. "मम्मी, मुंग्या बघ. लाल भिंतीत चालल्यात."

फरशीवरून काळ्या मुंग्यांची बारीक रांग निघाली होती. भिंतीवर चढत छातीएवढ्या उंचीवर जाऊन ती नाहीशी होत होती.  मुंग्या कशाला येतात, हे शिवकन्येला माहीत होतं. गोडाला येतात. नाहीतर मेलेल्याला.

"सलाम, सूनबाई."

ती दचकून वळली. दारात मोहियोद्दीन चाचा उभे होते, वसमतचे जुने रंगारी. चाळीस वर्षं त्यांनी ह्या पट्ट्यातल्या भिंती रंगवल्या. आता हात कापतात म्हणून ब्रश सोडलेला. आसिफ त्यांच्याच हाताखाली शिकला.

"चाचा, तुमी इथं काहून आलात? कुनी पाहिलं तर..."

"पाहू दे. पोरगं कुठं हाय, हे मला म्हाईत न्हाई, असं मी पोलिसाला सांगितलं." म्हाताऱ्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं. "तुला खोटं सांगनार न्हाई. म्हनून तू विचारू नको."

 आता हे गुपितही तिच्याच पदरात.

"उद्या ही भिंत पांढरी करून राहिलेत म्हनं?"

"निलमताईंनी हट्ट धरला. म्हनाल्या, हा रंग डोळ्यापुढं नको. उद्या नऊ वाजता मानूस येनार हाय."

"तर मग माझ्याकडं आजचाच दिवस हाय. तुजी सासू सखुबाई दवाखान्यात काय बोलली? जसंच्या तसं सांग."

तिनं सांगितलं. चाचांनी डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत ते शब्द फिरवले. आणि हळूच हसले. त्या घरात चार दिवसांत कुणी हसलं नव्हतं. ते हसू पाहून शिवकन्येला आणखीच भीती वाटली.

"आसिफ रंगाला काय म्हनतो? पहिला...?"

"कोट. पहिला कोट, दुसरा कोट."

"आजकालची पोरं! आमी चुन्याच्या जमान्यातली मानसं, मी बी अन् सखुबाई बी. आमी कोट न्हाई म्हनत." म्हाताऱ्यानं थरथरता तळवा लाल भिंतीसमोर धरला. "आमी म्हनतो, हात. चुन्याचे दोन हात. रंगाचा तिसरा हात."

३

लाल रंग लबाड असतो, चाचा सांगत होते. पांढऱ्यावर मारला तर पाच वेळा मारा, तरी खालून हसतो. म्हणून आधी राखाडी अस्तर द्यायचं, मग तीन हात. आसिफनं अस्तर दिलं, गुरुवारपर्यंत दोन हात दिले. तिसरा शनिवारी द्यायचा होता. शुक्रवारी सकाळी त्यानं फक्त खिडक्या घासल्या आणि साडेबाराला जुम्म्याच्या नमाजाला गेला.

"म्हंजे आत्याबाई म्हनाल्या, तिसरा कोट आसिफचा न्हाई," शिवकन्या पुटपुटली. "पन तिसरा कोट तर दिलाच न्हाई कुनी."

"दिला. तिनं पाहिला. आता कोनी अन् कुठं दिला ते पाहू."

तेवढ्यात वसमतहून निलम आली, कपडे न्यायला. भागवत दवाखान्यात थांबला होता. चाचांना पाहून तिचं कपाळ आक्रसलं.

"हे कशाला आलेत? यांच्याच पोरानं माझ्या आईला..."

"माझ्या पोराची बादली न्यायला आलो, बाई," चाचा नरमाईनं म्हणाले. "त्या दिवशी तू घरीच होती ना?"

"सैपाक करून मारुतीच्या देवळात गेल्ते. वैनी अंगनवाडीत. कनीक मी मळली, भाजी मी केली. दीडला बाहेर पडले. माघारी आले ते वैनीच्या वरडन्यानं."

"कनीक!" शिवकन्येला उगीच आठवलं. "निम्मीच राह्यली होती त्या दिवशी परातीत."

"गायीला घातली निम्मी," निलम म्हणाली. "गोळा कोरडा झाल्ता. तुमी कनकेचा हिशेब घेऊन राहिलात का वैनी? माय तिकडं मरून राहिली अन् तुमी..." तिनं पदर डोळ्यांना लावला. शिवकन्येला लाज वाटली. कणकेवरून ह्या घरात आधीच कमी बोलणी झाली नव्हती. आत्याबाईंचा दंडक होता, मळलेला गोळा गुळगुळीत ठेवायचा नाही, पिंडासारखा दिसतो. त्याच्यावर चार बोटं उमटवायची. शिवकन्येच्या माहेरी अंगठा दाबायची रीत. दहा वर्षं झाली, हात काही बदलत नव्हता आणि आत्याबाईंचं टोकणं काही थांबत नव्हतं.

निलम गाठोडं घेऊन परसात गेली. चाचा समोर हरिचंदच्या ओट्यावर जाऊन बसले. शिवकन्या चहा घेऊन गेली.

"मला काय विचारता, चाचा?" हरिचंद म्हणाला. "मी सकाळी पंखा लटकावला अन् जेवून झोपलो. झोपेत कोन काय पाहनार! पन एक सांगू का..." त्यानं शिवकन्येकडं पाहून आवाज उतरवला. "वैनी हायेत म्हनून बोलावं का न्हाई, म्हाईत न्हाई. भागवतभाऊ शेतात न्हव्हता. झोपायच्या आधी मी बिडी वढत बसल्तो. त्याची गाडी वेल्डिंगच्या दुकानाकडून येताना पाहिली मी, मग पुन्हा तिकडंच वळली."

शिवकन्येनं कपबशी ओट्यावर टेकवली. नखांतला वाळलेला लाल. चार दिवस ती तो लाल गिळून बसली होती. नवऱ्याला एका शब्दानं विचारलं नव्हतं. विचारलं आणि त्यानं खरं सांगितलं तर?

"अन् वैनी, दिवा आला का तुमचा?" हरिचंद सहज म्हणाला. "भिंतीवरचा पिवळा. त्याच्यापायी वायरीचा डबा उघडाच ठिवला मी भिंतीत. करंट सोडला न्हाई अजून, पन लेकरू हात घालंल. कागद तरी चिकटवा भोकावर."

चाचांनी बशी खाली ठेवली. "कोनत्या भिंतीत?"

"लालच्या. मधोमध, छातीएवढ्या उंचीवर."

दोघं हॉलमध्ये आले. शिवकन्येनं भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. गुरुवारी तिथं चौकोनी भोक होतं. आसिफनं त्याच्या भोवतीनं ब्रश फिरवलेला तिनं डोळ्यांनी पाहिला होता.

आता भोक नव्हतं. नुसती लाल भिंत. आणि मुंग्या, जिथं भोक असायला हवं होतं तिथंच, एकेक करून आत जात होत्या.

४

"आत्ता खनलं तर म्हनतील, म्हाताऱ्यानंच आत काही ठिवलं," चाचा म्हणाले होते. "उद्या सकाळी आठला. पूर्वेच्या खिडकीतून ऊन भिंतीवर आडवं येतं तेव्हा. सगळ्यांना बोलाव."

ती रात्र शिवकन्येनं आरोहीला कवटाळून काढली. भिंतीत काय असेल? मुंग्यांना काय मिळालं असेल? आणि ते ठेवणारे हात उद्या तिच्या घरातलेच निघाले तर?

बुधवारी आठला भागवत आला, डोळे तारवटलेले. दवाखान्यात मिराबाई, आत्याबाईंची बहीण, बसली होती. निलम दाराला टेकून उभी. हरिचंद पक्कड घेऊन आलेला.

"रंग पुसायचा सोडून हे काय खूळ लावलंय?" भागवत शिवकन्येवर खेकसला. 

ऊन आलं. खिडकीतून तिरकं येऊन भिंतीला घासत गेलं, आणि सगळ्यांनी पाहिलं. सगळी भिंत मंद होती, मखमलीसारखी. मधोमध वीतभर चौकोन मात्र चकाकत होता, किंचित गडद, किंचित फुगलेला, कडेला केसाएवढी भेग.

"हा तिसरा हात," चाचा म्हणाले. "सरळ उजेडात लपतो. आडव्या उजेडात लाल काही लपवत न्हाई. शुक्रवारी दुपारी कोनी तरी हे भोक बुजवलं, वरून आसिफच्या डब्यातला रंग फासला. सखुबाई आत आली. तिनं वला चौकोन पाहिला. अन् त्याच्या पुढचं आपल्याला म्हाईत हाय."

"कोनी तरी कशाला? आसिफनंच!" भागवत म्हणाला.

चाचा उत्तर देण्याऐवजी त्याच्यापाशी गेले. "हात दे, बेटा."

 आता. आता सगळं बाहेर येणार. शिवकन्येनं आरोहीला दारामागं ढकललं.

चाचांनी भागवतचं बोट तांब्यात बुडवलं, नखाची कड अंगठ्यानं खसाखसा चोळली. पाणी स्वच्छच राहिलं.

"पाच दिवस झाले, गेला न्हाई. जाईल कसा? हा लोखंडाचा रंग हाय. रेड ऑक्साइड. टर्पेंटाईनशिवाय निघत न्हाई." मग त्यांनी आसिफचा डबा उघडला, आपलं बोट लालात बुडवलं आणि त्याच तांब्यात धरलं. पाणी लालेलाल झालं, बोट कोरं. "भिंतीचा रंग पान्याचा हाय. हात धुतले की संपलं. ज्याच्या हाताला लाल हाय, त्यानं ही भिंत रंगवली न्हाई."

"कुठं लागलं हे तुमाला?" शिवकन्येनं विचारलं.

भागवत खाली पाहत म्हणाला, "झोपाळा करून घेतला लोखंडी. वेल्डिंगवाल्याकडं. आरोहीला वास्तूच्या दिवशी दाखवायचा होता. म्हनून शेतात म्हनालो."

ती हसली का रडली, तिला कळलं नाही. पाच दिवस छातीवर बसलेला दगड हलला, आणि हलता हलता त्याच्याखालचं दुसरंच काही दिसलं. हात धुतले की संपलं. ओले हात. पदराला पुसलेले ओले हात. देवळातून येणाऱ्या बाईचे.

तिनं निलमकडं पाहिलं नाही. पाहायचा धीर झाला नाही.

"हरिचंद, खोल," चाचा म्हणाले.

पक्कडीचं टोक भेगेत गेलं. पुट्टीची पातळ खपली भाकरीसारखी सुटून आली. आत पिवळट, काळपट, आंबूस काहीतरी होतं आणि त्यावर मुंग्यांचं काळं मोहोळ. निलमनं तोंडावर पदर घेतला. हरिचंदनं तो गोळा उकरला. मागून तांबूस सोनं चमकलं. बोरमाळेचे मणी एकेक करून त्याच्या तळव्यावर ओघळले.

"कनीक," तो चक्रावून म्हणाला. "कनकेनं बुजवलंय!"

"आता सांग, भागवत," चाचा म्हणाले. "माझ्या पोराकडं पुट्टीची अर्धी गोनी पडून हाय. तो सगळं भोक तिनंच बुजवंल, आत कनीक कशाला भरंल? रंगाऱ्याला म्हाईत असतं, पिठाला मुंग्या येतात."

"मग कोन?"

चाचांनी खपली उलटी केली. आतल्या बाजूला चार उंचवटे होते, शेजारी शेजारी, शेंगेतल्या दाण्यांसारखे. कणकेवरच्या खड्ड्यांत पुट्टी भरून वाळलेली. "हे मला उमगत न्हाई. घाईत भोक बुजवनारा मानूस वर ह्या खुना कशाला करंल?"

 शिवकन्येला मात्र उमगलं होतं.  बोलली तर हे घर मधोमध उलणार. गप्प राहिली तर एक पोरगं चौकात मरणार. तिला जाहेदाबीची फुटलेली खिडकी आठवली, दाराशी पडलेल्या त्या चपला आठवल्या.

"ती बोटं हायेत, चाचा," ती म्हणाली. "गोळा गुळगुळीत ठिवायचा न्हाई म्हनून. हात आपोआप करतो ते. डोकं ठिकान्यावर नसलं तरी करतो."

"कनीक तर वैनी बी मळते!" निलम किंचाळली.

"मळते. पन मी अंगठा दाबते. दहा वर्षं बोलनी खाते त्याच्यापायी." शिवकन्या आता तिच्याकडं वळली. "चार बोटं ह्या घरात दोघीच उमटवतात, निलमताई. एक दवाखान्यात हाय."

भागवतनं खपली हातात घेतली. लहानपणापासून रोज पाहिलेल्या त्या चार खुणांवरून त्यानं बोट फिरवलं. त्याला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

निलम दाराच्या चौकटीवरून घसरत खाली बसली.

"जात्यावर बसून म्हनायची आई," ती गुडघ्यांत मान घालून म्हणाली. "बोरमाळेचं सोनं, कुनाच्या गं गळा, निलम बाळाच्या गळा. माझं नाव होतं त्याच्यात. गुरुवारी मी आले अन् ह्याच दारात उभी राह्यले. ती हिच्या लेकराला मांडीवर घेऊन तीच ओवी म्हनून राहिली होती. माझं नाव काढून." ती हुंदक्यात अडखळली. "मला सोनं नको होतं वैनी. पिशवीत ठिवलं असतं तर आईनं आधी माझीच पिशवी उलटली असती. म्हटलं, भिंतीत राहू दे. कुनाच्याच गळ्यात नको. ती डोळा लागून पडल्ती तेव्हा काढली. अन् रंग फासून राह्यले तेवढ्यात ती उठून आली. माझा हात धरला. मी ढकललं न्हाई. देवाशपथ. हात सोडवला फक्त. हात सोडवला, अन् ती..."

"अन् तू हात धुवायला गेली," भागवत म्हणाला. त्याचा आवाज इतका हळू होता, की ओरडण्यापेक्षा त्याचीच भीती वाटली.

"नमाजाहून आसिफ आला," चाचा म्हणाले. "तिला उचलायला वाकला. दोन्ही हात लाल झाले. त्यानं हात पाहिले, गाव आठवलं, अन् पळाला."

५

दवाखान्यात जमादार आधीच बसले होते. मिराबाईनं त्यांना बोलावलं होतं. आत्याबाईंनी डोळे उघडले होते.

सगळे पलंगाभोवती उभे राहिले. बोरमाळ रुमालात बांधून शिवकन्येच्या मुठीत.  चाचा जीपमधून उतरताना तिच्याजवळ पुटपुटले होते, "एक गोष्ट कालपासून टोचून राहिली मला. त्याचा न्हाई, इतकं बोलली. कुनाचा, ते बोलायला किती ताकद लागते? एक नाव."

तेव्हा शिवकन्येला त्याचा अर्थ लागला नव्हता. आता लागला. आत्याबाईंची नजर भागवतवरून, तिच्यावरून, चाचांवरून फिरत निलमपाशी गेली आणि तिथं ठरली. त्या नजरेत राग नव्हता. शोधून शोधून दमलेल्या माणसाला हरवलेलं दिसावं, तशी नजर.

"बाई, घाबरू नका," जमादार म्हणाले. "तिसरा हात त्याचा न्हाई म्हनलात. मग कुनाचा?"

आत्याबाईंचे ओठ हलले. शब्द दुरून आल्यासारखे आले, पण स्वच्छ.

"माझा. मीच फासलं. मीच पडले."

पंखा फिरत राहिला. शिवकन्येच्या मुठीत मणी रुतले. म्हातारीनं परक्याचं पोरगं वाचवलं होतं, आणि आपलं झाकलं होतं, एकाच वाक्यात, डोळे मिटून. आता डोळे उघडूनही तेच करत होती. जमादारांनी कागदावर पेन टेकवलं. लिहिलं की संपलं. गावात कोण मानणार होतं ते? आसिफच्या नावाला लागलेला डाग तसाच राहिला असता, आडव्या उजेडात दिसणारा.

शिवकन्येनं तोंड उघडलं. पण तिच्याआधी निलम पुढं झाली. तिनं आईचा सलाईन लावलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ह्या वेळी सोडवला नाही.

"न्हाई आई," ती म्हणाली. आणि जमादारांकडं न वळता, आईच्याच डोळ्यांत पाहत, "माझा. लिहा साहेब. तिसरा हात माझा."

आत्याबाईंनी डोळे मिटले. मिटल्या पापण्यांतून पाणी कानापर्यंत गेलं.

शनिवारी आसिफ आला. भरदिवसा, चौकातून, आईला सोबत घेऊन. जाहेदाबी त्याच्या पुढं चालत होती, पदर डोक्यावर, मान ताठ. चौकातल्या पोरांनी तोंडं फिरवली. दाराशी त्याच्या चपला शिवकन्येनं धुऊन ठेवल्या होत्या.

हॉलमध्ये येऊन तो भिंतीसमोर उभा राहिला. मधोमध उघडं भोक होतं, आणि शेजारी फरशीवर दिव्याचं खोकं.

"वैनी, रंग बदलायचा का? सायीचा मारून देऊ?" त्यानं विचारलं.

शिवकन्येनं भिंतीकडं पाहिलं. आठ दिवसांत पहिल्यांदा ती तिच्याकडं न घाबरता पाहत होती. "न्हाई. हाच राहू दे. तिसरा कोट राह्यलाय तुजा."

दारातल्या पाटावरून चाचा खाकरले.

"कोट न्हाई रे," ते म्हणाले. "हात म्हन."